आगकाड्या नाचवणारे दादासाहेब आणि न दिसणारा हात

मैत्रिणींनो, दुपारी शाळेतून आलेली मुलं दप्तर फेकतात आणि थेट कार्टूनसमोर बसतात. आपण स्वयंपाकघरातून ओरडत राहतो. पण पडद्यावरचा तो उंदीर, ते लाडू खाऊन ताकदवान होणारं पोर नेमकं चालतं कसं, हा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो. चित्र तर चित्रच. ते काही हलत नाही. मग त्याला हलवतं कोण?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं स्वतःच्या घरात शोधलं होतं. त्यासाठी त्याला लागलं काय, तर एक कॅमेरा, कुंडीतलं वाटाण्याचं रोप आणि पुढे काही वर्षांनी आगकाड्या. आणि हो, घरची बाई! तो माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. भारतीय सिनेमाचे जनक म्हणून त्यांचं नाव आपण शाळेत पाठ केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ हे उत्तरही परीक्षेत लिहिलं. पण निर्जीव वस्तूत जीव ओतण्याची त्यांची धडपड मात्र फारशी कुणी सांगत नाही. आज तीच सांगावीशी वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. घर शास्त्री-पंडितांचं. वडील संस्कृतचे विद्वान. मुलानंही पोथ्या वाचाव्यात, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार. पण धुंडिराजाचा हात चित्राकडे वळलेला. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं, बिऱ्हाड मुंबईला आलं आणि १८८५ साली हा मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथून बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी, जे दिसेल ते शिकला. जादूचे प्रयोगसुद्धा शिकला! पुढे आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादू दाखवू लागला.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाचं एक काही धड नाही. खरंच नव्हतं. गुजरातेत गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तर प्लेगची साथ आली आणि त्यात पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली. सरकारी नोकरी, पगार बरा. पण १९०५ नंतर स्वदेशीचं वारं सुटलं आणि साहेबाची नोकरी सोडून त्यांनी छापखाना घातला. रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला आणि भागीदाराशी बिनसलं. तोही सोडला. चाळिशी ओलांडलेला, बायकामुलं असलेला आणि हातात काही नसलेला माणूस. आपल्या गल्लीत असा कुणी असता, तर आपण त्याच्या बायकोची कीव केली असती.

ती बायको म्हणजे सरस्वतीबाई. माहेरची गिरिजा करंदीकर. १९०२ साली दोघांचं लग्न झालं. या बाईबद्दल मी पुढे सविस्तर सांगणारच आहे, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

१९११ मध्ये मुंबईत गिरगावातल्या एका तंबूत फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म पाहिली. पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपला कृष्ण, आपला राम उभा राहिला. आपले देव पडद्यावर का चालू नयेत, या एकाच विचारानं त्यांना झपाटलं. ते सरस्वतीबाईंनाही सिनेमा दाखवायला घेऊन गेले. मग रोज सिनेमा पाहायचा, घरी येऊन प्रयोग करायचे, रात्र रात्र जागायची. डोळ्यांवर इतका ताण पडला की दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली आणि दृष्टी येताच फाळके पुन्हा कामाला लागले! विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे सिनेमाच्या एका साप्ताहिकाच्या संपादकानं त्यांना मदत केली, हेपवर्थ नावाच्या निर्मात्याचा स्टुडिओ पाहायला मिळाला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन एप्रिलमध्ये ते परतले.

आता खरी गंमत. कॅमेरा आला, पण सिनेमा काढायला पैसा कोण देणार? हलणाऱ्या चित्रांवर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. फाळक्यांनी काय करावं? कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोवला. आणि ठरावीक वेळानं एक एक चित्र घेत राहिले. रोप वाढत होतं, चित्रं जमत होती. महिनाभराहून अधिक काळ हा उद्योग चालला. मग ती फिल्म पडद्यावर दाखवली, तर अंकुर फुटतोय, रोप सळसळत वर येतंय, हे लोकांनी क्षणभरात पाहिलं. महिन्याभराची वाढ क्षणात! ‘अंकुराची वाढ’ म्हणून ही छोटी फिल्म ओळखली जाते. ती पाहून मग कर्ज देणारे पुढे आले.

मैत्रिणींनो, ही युक्ती नीट समजून घ्या, कारण सगळं कार्टूनचं जग तिच्यावर उभं आहे. आपल्या डोळ्यांपुढून किंचित वेगळी चित्रं झरझर गेली, की डोळा त्यांना वेगवेगळी मानत नाही. त्याला ती एकच हलणारी गोष्ट वाटते. वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर थोडं पुढे सरकलेलं पाखरू काढायचं आणि पानं फर्रकन सोडायची, हा खेळ आपण लहानपणी खेळलेला आहे. तेच हे.

याच युक्तीनं फाळक्यांनी पुढे आगकाड्या नाचवल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि त्यांचं नाव झालं. पाठोपाठ ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ आले. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. परत आले तर भांडवल आटलेलं. मोठा सिनेमा काढायचा तर नट हवेत, कपडे हवेत, रोज माणसं जेवायला घालायची. मग फाळक्यांनी छोट्या फिल्म काढल्या. त्यातलीच १९१५ ची ‘आगकाड्यांची मौज’. पेटीतल्या काड्याच नट! त्यांना ना पगार, ना जेवण, ना रुसवेफुगवे. फ्रान्समध्ये एमिल कोल यानं १९०८ मध्ये असाच काड्यांचा खेळ पडद्यावर आणला होता. आपल्याकडे ते काम फाळक्यांनी केलं. ती फिल्म आज पाहायला मिळत नाही, ही मोठी हळहळ.

मला या काड्यांच्या गोष्टीचं फार अप्रूप आहे. आमचं राजूर म्हणजे वणीजवळचं कोळसा खाणीचं गाव. इथे अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवरही धूळ बसते. इथल्या पोरी हुशार आहेत, हातात कला आहे, रांगोळी पाहाल तर पाहतच राहाल. पण ॲनिमेशन शिकायचं म्हटलं की घरच्यांना आधी नागपूर-पुण्याची फी दिसते. एका पोरीच्या आईनं मला विचारलं, ताई, चित्रं काढून पोट भरते का? मी तिला फाळक्यांची गोष्ट सांगितली. पोट भरेल की नाही, याची हमी मी देऊ शकत नव्हते, आणि फाळक्यांच्या आयुष्यातही ती नव्हती. पण शिकायला आधी लाखभर रुपये लागतात, ही समजूत तरी काढता आली. मग आमच्या किशोरी गटातल्या मुलींनी माचिसच्या काड्या, कणकेचा गोळा आणि एक मोबाइल एवढ्यावर दहा सेकंदांची फिल्म केली. त्यातून जे हाती लागलं, ते तुमच्यासाठी सांगते. घरी मुलांना सुट्टीत नक्की करायला लावा, आणि स्वतःही बसा.

सगळ्यात आधी मोबाइल नाही, वही उघडायची. पानावर सहा चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोन म्हणजे पडद्यावरचं एक दृश्य. त्यात काडीच्या माणसासारखी साधी चित्रं काढायची, चित्रकला यायलाच हवी असं नाही. चौकोनाखाली दोन ओळी लिहायच्या: काय घडतं आणि किती सेकंद. कोण कुठून कुठे जातं, ते बाणानं दाखवायचं. यालाच स्टोरीबोर्ड म्हणतात. अमेरिकेत डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकात अशी चित्रं भिंतीवर टाचण्यांनी लावून ठेवायची पद्धत रुळली. पण आपल्याकडे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर त्याही आधी, १९२० च्या सुमारास, चित्रीकरणापूर्वी दृश्यांची, पात्रांची आणि पोशाखांची रेखाटनं करत. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला सुरुवातीचं भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. पाहा, इथेही एक बाईच!

चौकोन आखण्याचा फायदा काय? आपण ब्लाउज बेतताना कापडावर आधी खडूनं खुणा करतो ना, तसंच. कात्री नंतर. कागदावर चूक झाली तर खोडरबर आहे. शंभर फोटो काढल्यावर चूक कळली तर दुपार वाया.

चौकोनांमध्ये एक गोष्ट सांभाळायची. सगळी चित्रं एकाच अंतरावरून काढू नका. पहिल्या चौकोनात जागा दाखवा: ओटा, पेटी, सगळं लांबून. मग पात्र जवळून. आणि जे सगळ्यात महत्त्वाचं, ते अगदी जवळून. काडी पेटीतून हळूच डोकं काढते, तेव्हा चौकोनात फक्त पेटीचं तोंड आणि ते लाल डोकं. आणि काडी डावीकडून उजवीकडे निघाली असेल, तर पुढच्या चौकोनातही तिकडेच जाऊ द्या. नाहीतर बघणाऱ्याला वाटतं, ती परत फिरली.

आता हिशेब. एका सेकंदाला निदान बारा चित्रं धरा. दहा सेकंदांची फिल्म म्हणजे एकशेवीस फोटो. ऐकून घाबरू नका, तासा-दोन तासांत होतात. मोबाइल मात्र जराही हलता कामा नये. आम्ही तो स्टुलावर पुस्तकांच्या चळतीत अडकवून वर वीट ठेवली होती. खिडकी बंद करायची आणि एकच दिवा लावायचा, कारण ऊन सरकतं आणि सावली उड्या मारायला लागते. भडक रंगाची ओढणी घेऊन जवळ उभं राहू नका, तिचा रंग टेबलावर पडतो. काडीच्या पायाशी कणकेचा छोटा गोळा लावला की ती उभी राहते. एक फोटो, काडी गव्हाच्या दाण्याएवढी सरकवायची, हात बाजूला, पुन्हा फोटो. बस्स, एवढंच.

पण एवढंच केलं तर काडी सरकते, चालत नाही. चालणं आणायचं तर निघताना अंतर कमी, मध्ये जास्त आणि थांबताना पुन्हा कमी ठेवायचं. आपली एसटी कशी स्टँडवरून हळूच निघते, रस्त्याला लागल्यावर पळते आणि थांबा आला की मंदावते! तसं. उडी मारायच्या आधी काडीला किंचित मागे झुकवा. आणि काही घडलं की पाच-सहा फोटो तशीच स्थिर ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला समजायला वेळ मिळतो. मोबाइलवर फोटो जोडणारी फुकट ॲप मिळतात, त्यात ते ओळीनं लावले की झालं.

पात्राच्या चेहऱ्याचं शिकायचं, तर पुन्हा फाळक्यांकडेच या. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी बाळकृष्णाचं काम स्वतःच्या लहान मुलीला, मंदाकिनीला दिलं. चित्रपट सुरू होताना ही चिमुरडी नुसत्या चेहऱ्यानं एकामागून एक भाव दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. या चित्रपटाचा बराच भाग सुदैवानं वाचला आहे. कार्टून करणारेही काम सुरू करण्याआधी आपल्या पात्राचे असेच चेहरे कागदावर काढून ठेवतात: हसताना, रागावताना, घाबरताना, लबाडी करताना. तुमच्या काडीला चेहरा नसेल तर तिच्या झुकण्यातून भाव आणा. खाली वाकलेली काडी दुःखी दिसते, हे आमच्या मुलींना न सांगता कळलं.

आता सरस्वतीबाईंकडे येते. ‘राजा हरिश्चंद्र’ तयार व्हायला सहा महिने आणि सत्तावीस दिवस लागले. दादरच्या घरीच सगळा संसार आणि तिथेच सिनेमा. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक ही बाई करायची. त्यांचे कपडे, राहणं पाहायची. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उभी राहायची, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडावा. आणि रात्री? रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या पट्टीला कडेची भोकं पाडायची. तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. भोक किंचित इकडेतिकडे झालं की पडद्यावरचं चित्र थरथरणार! रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, हेही तिनं शिकून घेतलं. पैसा संपला तेव्हा अंगावरचे दागिने काढून दिले.

त्या काळी पडद्यावर यायला एकही बाई तयार नव्हती. म्हणून तारामतीचं काम हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणानं केलं. बाई पडद्यावर नव्हती, पण पडद्यामागे प्रत्येक फुटात तिचा हात होता. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. त्यांची नावं इतिहासात नोंदली गेली, जायलाच हवी होती. सरस्वतीबाईंचं नाव मात्र २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी चित्रपट आला, तेव्हा कुठे आपल्यातल्या अनेकींना पहिल्यांदा कळलं.

फाळक्यांचा पुढचा प्रवास चढउतारांचा. १९१७ च्या ‘लंका दहन’नं गर्दी खेचली. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पण भागीदारांशी पटलं नाही आणि ते वैतागून काशीला जाऊन राहिले. तिथे नाटक लिहिलं. नंतर परत आले, पुन्हा चित्रपट केले. सगळे मिळून नव्वदहून अधिक मोठे चित्रपट आणि कितीतरी छोट्या फिल्म. मग बोलपट आला आणि मूकपटांचं जग बघता बघता संपलं. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. अखेरच्या काळात नाशिकमध्ये ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला आणि पहिला मान देविका राणी या अभिनेत्रीला मिळाला.

या माणसाचं सगळं अनुकरण करा, असं मी म्हणणार नाही. विमा गहाण टाकणं, घरातलं किडूकमिडूक विकणं, डोळे जाईपर्यंत जागणं, हे ऐकायला शूराचं वाटतं. पण त्याची किंमत घरातल्या बाईनं आणि मुलांनी मोजलेली असते. आपल्या सोन्याचा निर्णय आपणच घ्यावा, हे मी बचत गटात नेहमी सांगते आणि इथेही सांगते. मला घ्यावीशी वाटते ती त्यांची दुसरी गोष्ट. पैसा नव्हता तेव्हा ते वाटाण्याच्या रोपापाशी धीर धरून बसले, आणि पुन्हा पैसा आटला तेव्हा आगकाडीची पेटी उघडली. जे हाताशी होतं त्यातून सुरुवात केली. हे राजूरच्या पोरीलाही जमतं आणि तुमच्या गावच्याही.

काड्यांच्या फिल्ममध्ये प्रत्येक फोटोच्या आधी आपण हात बाजूला घेतो. तो घेतलाच पाहिजे, नाहीतर फोटोत येतो. एकशेवीस वेळा काडी सरकवणारा हात पडद्यावर एकदाही दिसत नाही आणि बघणारा म्हणतो, वा, काडी आपोआप चालते! सरस्वतीबाईंचं आयुष्य मला तसंच वाटतं. आपल्यातल्या कितीजणींचं तसंच असतं. घर चालतं, आणि ते आपोआप चालतं असं सगळ्यांना वाटतं.

म्हणून शेवटची सूचना, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. फिल्मच्या शेवटी एक पाटी ठेवा. काड्या सरकवल्या कुणी, दिवा धरला कुणी, कणीक मळून दिली कुणी, सगळ्यांची नावं त्या पाटीवर पूर्ण लिहा. आमच्या मुलींनी तशी लिहिली. एकीच्या आज्जीनं फक्त खिडकीचा पडदा धरून ठेवला होता, तिचंही नाव त्यात आहे.